आयटी पार्कच्या दारात ज्यूस आणि दुपारच्या जेवणाचं दुकान टाकायचंय? मग कागदापासून कोकमापर्यंत सगळं इथे वाचा

मी आणि माझी जाऊ, आम्ही दोघींनी २०२२ मध्ये पुण्याजवळ हिंजवडीत छोटंसं दुकान टाकलं. ताजा ज्यूस आणि दुपारचं साधं पोटभर जेवण, बस. त्याआधी मी नऊ वर्षं तिथल्याच एका कंपनीत टेस्टिंगला होते, म्हणजे टेबलाच्या पलीकडची भूक मला माहीत होती, पण अलीकडचं काहीच माहीत नव्हतं. पहिल्या आठ महिन्यांत जे पैसे आणि झोप गेली ती बहुतेक माहिती नसल्यामुळे गेली, म्हणून जे कळलं ते क्रमाने लिहितेय. दर, फी, नियम मी आमच्या वेळचे लिहिलेत, अर्ज भरायच्या दिवशी पोर्टलवर एकदा बघून घ्या.

१. आधी रस्त्यावर उभं राहा, दुकान नंतर बघा

दलालाला फोन करण्याआधी दोन आठवडे तुमच्या जागेसमोर पावणेबारा ते अडीच उभं राहा आणि मोजा. किती लोक गेटमधून चालत बाहेर येतात, किती गटाने येतात, किती जण डबा घेऊन झाडाखाली बसतात, किती जण वडापाव खाऊन परत जातात. सोमवार ते शुक्रवार पाचही दिवस मोजा, कारण घरून काम सुरू झाल्यापासून मंगळवार-बुधवार-गुरुवारी गर्दी असते आणि शुक्रवारी रस्ता ओस पडतो. आम्ही फक्त बुधवारी मोजलं आणि तोच आकडा पाचने गुणला. पहिल्या महिन्यात दर शुक्रवारी उसळ उरायची.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. ऑफिसच्या माणसाकडे दुपारी चाळीस-पंचेचाळीस मिनिटं असतात, त्यातली दहा लिफ्टमध्ये आणि दहा चालण्यात जातात. म्हणजे तुमच्याकडे पावणेएक ते सव्वादोन हा दीड तासच खरा धंदा आहे, आणि पुढे मी जे काही सांगणार आहे ते सगळं त्या दीड तासासाठी आहे. गेटपासून चालत पाच मिनिटांच्या पुढची जागा स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, आणि रस्ता ओलांडायला लागत असेल तर दोनदा विचार करा, हिंजवडीत रस्ता ओलांडणं हेच एक काम आहे.

२. जागा: भाड्याआधी वीज, पाणी आणि सांडपाणी

आम्ही भाडं बघून खूश झालो आणि करार केला. मग कळलं की जागेला सिंगल फेज मीटर आणि तोही घरगुती. दोन ज्युसर, डीप फ्रीझर आणि काचेचा कूलर एकत्र चालू केला की ट्रिप. महावितरणकडे लोड वाढवून व्यावसायिक मीटर घेईपर्यंत सात आठवडे गेले आणि भाडं मात्र चालू होतं. म्हणून सही करायच्या आधी वीजबिल मागून मंजूर लोड आणि मीटरचा प्रकार बघा. पाणी कुठून येतं ते विचारा, टँकरचं असेल तर तसंच स्पष्ट विचारा. सिंकचं पाणी कुठे जातं ते बघा, गाळ आणि तेल अडवायला ग्रीस ट्रॅप बसेल इतकी जागा हवी. एक्झॉस्टचा पाइप वरच्या मजल्याच्या खिडकीखाली निघत असेल तर भांडण ठरलेलंच आहे.

करार लिव्ह अँड लायसन्सचा असेल तर तो नोंदवलेलाच हवा. स्टँप पेपरवर सही करून "नोंदणी नंतर करू" म्हणणाऱ्या मालकाला नम्रपणे नाही म्हणा, कारण अन्न परवान्याला आणि बँकेला तोच कागद लागतो. करारात "खाद्यपदार्थ व्यवसायासाठी" असे शब्द लिहून घ्या. सोसायटी किंवा कॉम्प्लेक्सचं ना हरकत पत्रही आधीच घ्या.

३. कागदपत्रं

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा परवाना, महाराष्ट्रात ते काम अन्न व औषध प्रशासन बघतं आणि अर्ज फॉसकॉस या पोर्टलवर होतो. आम्ही अर्ज केला तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असेल तर साधी नोंदणी, वर्षाची फी १०० रुपये. त्याच्या वर गेलात तर राज्य परवाना, आमच्यासारख्या जेवणाच्या दुकानाला वर्षाला २००० रुपये. सगळे जण पहिल्यांदा नोंदणीच करतात कारण सोपी आहे, पण जरा गणित करा. महिन्याला २२ कामाचे दिवस धरले तर वर्षाचे २६४ दिवस, आणि १२ लाख म्हणजे दिवसाला साडेचार हजार. १३० रुपयांच्या ३५ थाळ्या विकल्या की झालं! तेवढंही विकणार नसाल तर भाडंच निघणार नाही. म्हणून आमच्या वेळच्या मर्यादेत अशा दुकानाने सरळ राज्य परवाना घेणंच बरं होतं.

इथे आम्ही फसलो ते सांगते. एका एजंटने "मॅडम सगळं करून देतो" म्हणत साडेसात हजार घेतले आणि हातात दिली ती १०० रुपयांची नोंदणी, तीही किरकोळ विक्रेता म्हणून, जेवण बनवून देणाऱ्याची नाही. परत सगळा अर्ज नव्याने करावा लागला. अर्ज तुम्ही स्वतः भरू शकता, एक संध्याकाळ लागते. व्यवसायाचा प्रकार निवडताना घाई करू नका, बहुतेकांची चूक तिथेच होते.

हे कागद एका फाइलमध्ये आधीच ठेवा:

- आधार, पॅन, फोटो
- नोंदणीकृत करार, जागेचं वीजबिल, मालकाचं संमतीपत्र
- किचनचा मापासकट नकाशा आणि यंत्रांची यादी
- पाण्याचा प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल
- स्वयंपाक करणाऱ्या आणि वाढणाऱ्या प्रत्येकाचं वैद्यकीय प्रमाणपत्र, टायफॉइडच्या लसीची नोंद त्यातच घ्या, आणि हे दरवर्षी नवीन करायचं असतं
- अन्न सुरक्षेची योजना किंवा घोषणापत्र

परवान्याचा १४ अंकी नंबर दुकानात दिसेल असा लावायचा आणि १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावरही छापावा लागतो. बिलिंगचं मशिन घेतानाच तो टाकून घ्या.

शॉप ॲक्ट: आमच्या वेळी १० पेक्षा कमी कामगार असतील तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे फक्त ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची, हे एका तासाचं काम होतं. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारकडे होणारी नोंद, फुकट आहे, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. महापालिकेची हद्द असेल तर पाटीसाठी आकाशचिन्ह व परवाना विभागात जावं लागतं, ग्रामपंचायत असेल तर तिथला ना हरकत दाखला. तुमची जागा नेमकी कोणाच्या हद्दीत आहे ते आधी विचारा, आमच्या भागात ग्रामपंचायत, एमआयडीसी आणि महापालिका एकमेकांना इतक्या खेटून आहेत की दोन दुकानं सोडून नियम बदलतो.

जीएसटी: वर्षाला २० लाखांच्या वर गेलात की नोंदणी लागते, रेस्टॉरंटला ५ टक्के आणि त्यात इनपुट क्रेडिट मिळत नाही. म्हणजे फ्रीझरवर भरलेला जीएसटी परत येणार नाही, तो खर्चातच धरा. एखादा चांगला सीए पहिल्या महिन्यापासून ठेवा.

४. यंत्रं आणि भांडी

सुरुवातीला लागतात एवढीच लिहिते. मोसंबी-संत्र्यासाठी हाताने दाबायचं स्टीलचं प्रेस, गाजर-बीट-सफरचंदासाठी व्यावसायिक ज्युसर, एक दणकट मिक्सर, काचेचा कूलर, डीप फ्रीझर, दोन शेगड्या, वजनकाटा, प्रोबचा (अन्नात टोचायचा) थर्मामीटर, कच्च्या भाज्यांना आणि फळांना वेगवेगळ्या रंगाचे कटिंग बोर्ड. गॅस १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडरच घ्यायचा, घरगुती लाल सिलिंडर दुकानात सापडला तर त्रास होतो आणि तो व्हायलाच पाहिजे.

कोल्ड प्रेसच्या, म्हणजे हळूहळू दाबून रस काढणाऱ्या मशिनच्या मोहात पडू नका. रस छान निघतो यात शंका नाही, पण एक ग्लास काढायला तीन-चार मिनिटं आणि रांगेत बारा माणसं उभी. आम्ही ते मशिन आता फक्त सकाळी गाजर-बीटसाठी वापरतो. एक सल्ला मात्र सोन्यासारखा समजा: ज्युसरच्या जाळीचे दोन सेट घ्या. गर्दीत जाळी चोंदते, आणि ती धुवायला थांबलात की मागचा माणूस घड्याळ बघून निघून जातो.

५. फळांची खरेदी, आणि ग्लासाचं खरं गणित

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहिल्यांदा गेलात तर भाव ऐकून गोंधळ होईल. मोसंबी-संत्री तीन डझन, चार डझन अशा हिशोबात, अननस डझनावर, लिंबू गोणीवर, कलिंगड-पपई किलोवर. तुमचा ग्लास मात्र ग्रॅमवर चालतो. म्हणून पहिले पंधरा दिवस प्रत्येक फळ तोला, रस काढा, रस मोजा आणि वहीत लिहा. आमच्या वहीत एक किलो चांगल्या मोसंबीचा ३७५ ते ४०० मिली रस निघतो, साल जाड असेल तर ३०० वर येतो. म्हणजे ३०० मिलीच्या ग्लासाला पाऊण ते एक किलो फळ. मोसंबी ५० रुपये किलो असताना फळाचेच ४० च्या आसपास जातात, ती ९० झाली की ७० च्या वर. वर्षभर एकच भाव छापलेलं मेनूकार्ड केलंत तर अर्धं वर्ष तोट्यात जाईल. फळा लावा आणि खडूने लिहा, आज काय आहे आणि कितीला.

हंगामाच्या मागे चाला, म्हणजे स्वस्तही पडतं आणि चवही लागते. आंबिया बहाराची नागपुरी संत्री दिवाळीच्या आगेमागे, मग मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चला. जालन्याकडची मोसंबी, सोलापूरकडचं भगवा डाळिंब, थंडीत आवळा आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, उन्हाळ्यात कलिंगड, आणि कोकणातल्या कोकमाचं आगळ तर बारा महिने. आगळ, जिरं, सैंधव आणि किंचित गूळ, याला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, आणि मे महिन्यात आमच्याकडे सगळ्यात जास्त तेच जातं.

डाळिंब मिक्सरला फिरवू नका, बिया फुटल्या की रस कडवट होतो, दाबूनच काढा. आवळ्याला लोखंडी सुरी लावू नका, काळा पडतो. बीटचा ज्यूस पहिल्यांदा पिणाऱ्याला सांगून ठेवा की लघवी लालसर होऊ शकते, एक मुलगा दुसऱ्या दिवशी घाबरून थेट डॉक्टरकडून आमच्याकडे आला होता.

६. पाणी, बर्फ आणि दुधी: इथे अजिबात तडजोड नाही

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोडच्या भागात गुइलेन-बॅरे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि दूषित पाण्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा इतक्या लांब आमच्याकडेही प्रत्येक जण विचारायला लागला, पाणी कुठलं आहे, बर्फ कुठला आहे. आमच्याकडे तपासणीचा कागद होता, तो आम्ही काउंटरवर चिकटवला. तुम्ही तो पहिल्या दिवशीच चिकटवा, साथ यायची वाट बघू नका. फिल्टर बसवला म्हणजे झालं असं नाही, कँडल-मेंब्रेन बदलल्याची तारीख त्याच्यावरच लिहा, टाकी ठरलेल्या दिवशी धुवा.

बर्फ: २०१८ पासून महाराष्ट्रात खाण्याचा नसलेला बर्फ निळसर रंगाचा करावा लागतो, म्हणजे निळी छटा दिसली तर तो ज्यूसमध्ये कधीच नाही. आम्ही लादी घेतच नाही, छोटं क्यूब मशिन घेतलं आणि फिल्टरच्या पाण्याचाच बर्फ करतो. खरं तर बर्फ जितका कमी तितकं बरं, गिऱ्हाइकाला कळतं की ग्लासात रस किती आणि बर्फ किती.

फळं-भाज्या आधी वाहत्या पाण्याने, मग ५० पीपीएम (लिटरला ५० मिलीग्रॅम) क्लोरिनच्या पाण्यात, मग परत स्वच्छ पाण्याने. कापलेलं फळ ५ अंशाच्या खाली, गरम जेवण ६० च्या वर, मधल्या तापमानात काहीही ठेवायचं नाही, त्यासाठीच थर्मामीटर घ्यायला सांगितलं. मोड आलेली कडधान्यं कच्ची वाढू नका, वाफवून घ्या, मोड यायला लागतो तोच ओलावा आणि तीच ऊब जंतूंनाही आवडते.

आता दुधी. दुधीचा ज्यूस मागणारे रोज येतात. कडू दुधीत कुकरबिटासिन नावाचं विष असतं, २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा असा कडू रस प्यायल्याने मृत्यू झाला होता, आणि त्यानंतर आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या समितीनेही कडू लागला तर रस पिऊ नका असं सांगितलं. आमच्याकडे नियम असा की प्रत्येक दुधीचा तुकडा कापणाऱ्याने आधी चाखून लगेच थुंकायचा, जरा कडवट वाटलं तर अख्खा दुधी कचऱ्यात. गिऱ्हाईक म्हणालं "कडूच चांगला असतो" तरी नाही. हा नियम पाळणं जमणार नसेल तर दुधी ठेवूच नका.

७. 'हेल्दी' लिहिताना खरं लिहा

हे मला मनापासून सांगायचंय. ताज्या मोसंबी-संत्र्याच्या ३०० मिली रसात साधारण २५ ग्रॅम साखर असते, वरून चमचाही घातला नाही तरी. जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातली साखर मोकळ्या साखरेतच धरते आणि दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा म्हणते, म्हणजे मोठ्या माणसाला ढोबळ ५० ग्रॅम. आयसीएमआर-एनआयएनची (राष्ट्रीय पोषण संस्थेची) २०२४ ची आहाराची सूचनाही रसापेक्षा अख्खं फळ बरं असंच सांगते. मग ज्यूस विकणाऱ्याने काय करायचं? आम्ही नेहमीचा ग्लास २०० मिलीचा केला, ३०० चा मागितला तरच द्यायचा. कापलेल्या फळांची वाटी त्याच भावात ठेवली. फळ्यावर साखर न घातलेलं ताक, कोकम, नाचणीचं आंबील, काकडी-टोमॅटो वरती लिहिलं आणि गोड ज्यूस खाली. गल्ल्यावर परिणाम होईल असं वाटलं होतं, झाला नाही. उलट रोज येणारे वाढले, कारण रोज पिता येईल असं काहीतरी मिळालं.

पाटीवर 'शुगर बरी होते', 'किडनी साफ', 'डिटॉक्स' असलं काही लिहू नका. मधुमेहासारखे आजार बरे होण्याची जाहिरात करणं १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि मुळात खोटं आहे. पालक आणि बीटमध्ये ऑक्झलेट भरपूर असतं, मुतखड्याचा त्रास झालेल्या माणसाला रोजचा हिरवा ज्यूस देण्याआधी डॉक्टरला विचारायला सांगा. आम्ही सांगतो, आणि तोच माणूस ताक पिऊन जातो.

८. जेवण: ज्यूस माणसाला आत आणतो, भाकरी रोज आणते

आम्ही सुरुवातीला सॅलडचे सहा प्रकार ठेवले होते. पहिला आठवडा कौतुक, दुसऱ्या आठवड्यात "मॅडम, चार वाजता परत भूक लागते". तेव्हा जाऊ म्हणाली, अगं आपण घरी काय खातो तेच दे ना. मग दोन ज्वारीच्या भाकरी, मटकीची उसळ, कोशिंबीर, ताक. सोबत एखाद्या दिवशी पिठलं, एखाद्या दिवशी मुगाची खिचडी-कढी, थालीपीठ-दही. आज आमचा भाडं-पगाराचा सगळा भार ही थाळी उचलते.

'प्रोटीन किती?' हा प्रश्न रोज येणार. खोटे आकडे फेकू नका. कोरडी मटकी तोलून शिजवा, १०० ग्रॅम कोरड्या मटकीत साधारण २३ ग्रॅम प्रथिनं असतात, वाटीत ४० ग्रॅम कोरडी धरली तर नऊच्या आसपास. पन्नास ग्रॅम पनीरचे तुकडे वेगळे पैसे घेऊन वर घाला, तेवढीच अजून भर.

भाकरी थंड झाली की कडक होते, हीच खरी अडचण. आमच्या मावशी दोन शेगड्यांवर तासाला चाळीसेक भाकरी करतात, म्हणून सव्वाबाराला सुरुवात, सुती फडक्यात गुंडाळून बंद डब्यात, आणि अर्ध्या तासाच्या पुढची भाकरी वाढायची नाही. मावशींचा पगार वेळेवर आणि चांगला द्या, ज्युसवाला मुलगा महिन्यात शिकून तयार होतो, असा हात मिळत नाही. त्या दोन दिवस आजारी होत्या तेव्हा दुकानात माणसं फळा वाचून परत जात होती.

९. दीड तासाची आखणी

सकाळी अकरापर्यंत व्हॉट्सॲपवर ऑर्डर घ्या, नाव, मजला, वेळ. त्याने किती भाकरी, किती उसळ हे आधीच कळतं आणि उरत नाही. पैसे देण्याची आणि ताट घेण्याची जागा वेगळी ठेवा, रांग अर्धी होते. यूपीआयचा आवाज देणारा डबा ठेवाच, स्क्रीनशॉट दाखवून जाणाऱ्यांवर विसंबू नका, आणि रात्री गल्ला आणि बँकेचा मेळ घातल्याशिवाय झोपू नका.

कंपनीच्या आत डिलिव्हरी देणार असाल तर सिक्युरिटी वर सोडत नाही, गेटवर कोण घ्यायला येणार ते गटातल्या एका माणसाशी ठरवा. डिलिव्हरी ॲपवर जायची घाई करू नका, कमिशन आणि सवलत वजा करून हातात काय उरतं ते एका थाळीवर लिहून बघा, आम्ही तिथे फक्त ज्यूस-वाटी ठेवली, थाळी नाही.

प्लास्टिकचं सांगायलाच हवं: स्ट्रॉ, चमचे, ग्लास, प्लेट या एकदा वापरायच्या वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, महाराष्ट्रात त्याआधी २०१८ पासूनच, पहिला दंड ५००० रुपये. स्टीलचे ग्लास-ताटं घ्या, धुणाऱ्याचा पगार धरूनही कागदी ग्लासापेक्षा वर्षभरात स्वस्त पडतं. आणि ताजा ज्यूस बाटलीत भरून, लेबल लावून विकायचा विचार आला तर थांबा, तो वेगळा परवाना, वेगळं लेबलिंग आणि टिकवण्याची वेगळी जबाबदारी आहे, ग्लासाच्या धंद्यात ते मिसळू नका.

१०. जून येण्याआधी

पावसाळा सुरू झाला की ज्यूसची विक्री आमच्याकडे निम्म्यावर येते आणि पाण्याची भीती दुप्पट होते. मे संपायच्या आत टाकी धुवून पाण्याची नवीन तपासणी करून घ्या, कापून ठेवलेली फळं कमी करा, पालेभाजीचे ज्यूस बंद ठेवा कारण चिखल कितीही धुतला तरी शंका राहते. त्या जागी आम्ही गरम टोमॅटोचं सार, आल्याचा गवती चहा आणि मुगाचं कढण आणतो. भाडं, पगार आणि वीज मिळून तीन महिन्यांचे पैसे बाजूला नसतील तर दुकान एप्रिलमध्ये उघडू नका, उन्हाळ्याची गर्दी बघून वाटतं जमलं, आणि जुलैमध्ये हात आखडतो. आम्ही ऑक्टोबरमध्ये उघडलं, संत्री आली होती, हवा चांगली होती आणि पुढचा पाऊस येईपर्यंत वही भरायला आठ महिने मिळाले.